न दुखणारी जखम

खलफच्या हाताविषयी पहिल्या पाच आठवड्यांत मी जे जे लिहिले, ते सगळे खरे होते. सूज नाही. लाली नाही. स्राव अल्प. वेदना नाहीत. भाजलेल्यांच्या विभागात अकरा वर्षे काढलेल्या डॉक्टरला असे शब्द लिहायला मिळणे हा विसावाच असतो. मी ते लिहीत गेले आणि पुढच्या खाटेकडे वळत गेले.

तो आमच्या मल्लवी शहराच्या पश्चिमेकडच्या एका गावात, उसाच्या गुऱ्हाळावर काकवी आटवण्याचे काम करी. तूबा महिन्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या, थंडीत आमच्या भागातली गुऱ्हाळे दिवसभर पेटलेली असतात, आणि दर हंगामात तिथून तीन-चार माणसे आमच्याकडे येतात. उकळता रस पाण्यासारखा ओघळून जात नाही. तो चिकटून बसतो आणि आत शिरत राहतो. खलफच्या उजव्या हाताच्या पाठीवर, बोटांवर आणि पुढे कोपरापर्यंत असा रस चिकटला होता. एका कढईतून दुसऱ्या कढईत ओतताना शेजारच्याचा पाय घसरला, एवढेच त्याने सांगितले. शेजारच्याचे नाव त्याने घेतले नाही, आणि मीही विचारले नाही.

पहिल्या ड्रेसिंगच्या वेळी त्याने साहित्याचा ट्रे लाथेने उडवला होता. त्याचा आवाज मुलांच्या खोलीपर्यंत गेला आणि तिथली तीन मुले एकदम रडू लागली.

"हळू गं बाई! मेंढी सोलतेस की काय?"

"मेंढी एवढी बोंबलत नाही, खलफ. मेंढीला लाज असते," आमची परिचारिका मिस फौकिया म्हणाली आणि खाली वाकून कात्र्या, चिमटे गोळा करू लागली. वाकताना तिने एक हात गुडघ्यावर दाबून धरला होता.

फौकिया माझ्या कितीतरी आधीपासून त्या खोलीत आहे. सव्वीस वर्षे. भाजलेल्या अंगाला चिकटलेली गॉझ भिजवायची, सोडवायची, मेलेली कातडी खरवडायची, धुवायची, पुन्हा बांधायची, आणि एक दिवसाआड तेच पहिल्यापासून करायचे. वेदना मारणाऱ्या जोरकस औषधाच्या कुप्या आमच्याकडे कुलपात असतात. दोन डॉक्टरांच्या सह्यांशिवाय त्या निघत नाहीत, आणि निघतात त्या अर्धे अंग भाजलेल्यांसाठी. चार दिवस खाटेवर राहून घरी गेलेल्या आणि नंतर शनिवार, सोमवार, बुधवार अशा वारी मायक्रोबसने ड्रेसिंगला येणाऱ्या खलफसारख्याच्या वाट्याला तापाची साधी गोळी येते. यात माझा दोष नाही, असे मी पुष्कळदा स्वतःला सांगितले आहे.

तिसऱ्या की चौथ्या ड्रेसिंगपासून मात्र ती खोली शांत झाली. मी एकदा दारातून डोकावले. खलफ भिंतीला पाठ टेकून बसला होता, फौकिया गॉझ सोडवत होती, आणि दोघे त्याच्या गावातल्या कुणाच्या तरी मोडलेल्या लग्नाविषयी बोलत होते.

"सवय झाली वाटतं," मी म्हणाले.

"मर्दाला सगळ्याची सवय होते, दोक्तोरा."

फौकियाने वर पाहिले नाही. बाहेर बाकावर अजून सात माणसे थांबली होती, म्हणून मीही जास्त थांबले नाही.

त्याचे भाजणे इतके खोल नव्हते की आपोआप भरून येऊ नये. तीन आठवड्यांत कडांनी नव्या कातडीची फिकट गुलाबी किनार दिसायला हवी होती. ती दिसली नाही. जखम जिथल्या तिथे होती. न चिघळणारी, न भरणारी, उकडलेल्या मांसासारख्या रंगाची. तरी मी तिच्यावर नाराज नव्हते. घाण वास येणाऱ्या, धगधगणाऱ्या जखमांमध्ये ती एखाद्या शहाण्या मुलासारखी वाटे. खलफचा चेहराही भरला होता. "इथला चहा मानवला बघा," असे तो म्हणे. त्याची रक्तातली साखर वाढलेली निघाली तेव्हा मी चहातली साखर बंद करायला सांगितले आणि तेवढ्यावर थांबले.

चौथ्या आठवड्यात त्याला पुन्हा भरती केले. मेलेला थर कापून काढला, डाव्या मांडीवरची पातळ कातडी काढून हातावर लावली, आणि पाचव्या दिवशी पट्टी उघडली. लावलेली कातडी ओल्या वर्तमानपत्रासारखी सरकून माझ्या हातमोज्यावर आली. तिच्याखाली पू नव्हता, रक्त नव्हते, काहीच नव्हते. अनामिका आणि करंगळीच्या मुळाशी मात्र स्नायूंच्या पांढऱ्या दोऱ्या उघड्या पडल्या होत्या. या दोऱ्या उघड्यावर दिवसागणिक वाळत जातात. एकदा वाळल्या की बोटे उरली तरी ती नुसती लटकतात. मग ती कापावी लागतात, आणि उरलेला पंजा हळूहळू आतल्या बाजूला आखडत जातो.

"धरलं का?" खलफने विचारले. तो भिंतीकडे पाहत होता.

"नाही धरलं."

"मग?"

"पुन्हा लावू."

"आणि पुन्हा नाही धरलं तर?"

मी त्याला खरे सांगितले. त्याने डाव्या हाताने झग्याची बाही ओढून घेतली आणि म्हणाला, "डाव्या हाताने मला नीट खाताही येत नाही, दोक्तोरा."

दुसऱ्या शस्त्रक्रियेआधी कारण शोधणे भाग होते. मी आधी स्वतःवरच संशय घेतला: कापताना पुरेसे खोल गेले नसेन, रक्त साकळले असेल, पट्टी सैल राहिली असेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीत मी त्याच्या मांडीवरची पट्टी पाहिली, आणि तिथेच थबकले. कातडी काढलेली जागा ही माणसाला मूळ भाजण्याहून जास्त छळते. सगळे रुग्ण हाताचे दुःख विसरून मांडीच्या नावाने शिव्या देतात. ती जागा लाल होते, पाझरते, धगधगते. खलफ मांडीवर मांडी टाकून बसला होता.

"इथे दुखत नाही?"

"अल्लाची कृपा."

"जरासुद्धा?"

"अहो, दुखत नाही म्हणून तक्रार करू का आता?"

ती जागा फिकट, कोरडी होती. आदल्याच दिवशी कातडी काढल्यासारखी ताजी, आणि सहा दिवस उलटूनही तशीच. म्हणजे दोष हाताचा नव्हता. सबंध माणूसच भरून यायचे विसरला होता.

मी जखमेच्या कडेचा एक बारीक तुकडा काढला आणि खाली प्रयोगशाळेत गेले. पदव्युत्तर प्रबंधासाठी दोन वर्षे मी हेच केले होते: भाजलेल्या कातडीचे काप रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या. भाजल्यानंतर काही तासांतच रक्तातल्या पांढऱ्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून वाट काढून जखमेकडे धावत येतात. त्या जंतू मारतात आणि एक-दोन दिवसांत स्वतःही मरतात. मागून भक्षक पेशी येतात. त्या मेलेले सगळे गिळतात, आणि गिळता गिळता एका टप्प्यावर काम बदलतात. नासधूस थांबवून नव्या रक्तवाहिन्यांना आणि नव्या कातडीला बोलावू लागतात. ही सगळी धावपळ बाहेरून लाली, सूज, ऊब आणि ठणका म्हणून दिसते. तिचा अतिरेक झाला तर माणूस मरतो, हेही मी पाहिले आहे. मोठ्या भाजण्यात शरीर स्वतःलाच सुजवून, तापवून संपवते, आणि आम्ही हताशपणे सलाइनच्या बाटल्या बदलत राहतो. म्हणूनच असेल, लाली दिसली नाही की मला हायसे वाटते.

खलफच्या कापात मेलेल्या तंतूंचे रान पसरले होते. एका बाजूला जंतूंचे निळसर पुंजके निवांत वाढत होते. पेशी अगदी तुरळक होत्या. पाच आठवड्यांच्या जखमेत त्यांची गर्दी हवी होती, आणि मला तर एकेक करून शोधाव्या लागत होत्या. रमजानात इफ्तारच्या क्षणी आमचा मुख्य रस्ता असा ओस दिसतो.

भरलेला चेहरा, वाढलेली साखर, न दुखणारी मांडी, न आलेल्या पेशी. या चार गोष्टी एकत्र मांडल्या की वैद्यकाच्या चौथ्या वर्षाचा विद्यार्थीही एकच नाव घेईल. मीही घेतले, पाच आठवडे उशिरा. खलफच्या अंगात कुठून तरी कॉर्टिझोन, सूज आणि दाह दाबून टाकणारे औषध, जात होते.

आणि कुठून जात असेल, याविषयी मला जराही शंका वाटली नाही.

त्याची बायको उम्म शाबान दुपारी भेटीच्या वेळेत आली. बारीक चणीची, काळ्या ओढणीतली, बोलायला फटकळ बाई. मी तिला खाटांच्या मधल्या वाटेतच गाठले. एकांतात बोलायला हवे होते, हे मला कळत होते. पण सकाळपासून मी उभी होते आणि मनात राग साचला होता.

"घरी याला काय लावता?"

"काय लावणार? काही नाही."

"जडीबुटी विकणाऱ्या अत्ताराकडचं मलम? कॉफीची पूड? गावातल्या औषधवाल्याने दिलेली एखादी क्रीम?"

"काही नाही म्हटलं ना."

"उम्म शाबान, हात जायची वेळ आलीय. तुम्ही लोक आमच्या पाठीमागे काहीतरी लावता, आणि मग कातडी धरली नाही की आमच्याकडे बघता."

बाकीच्या खाटांवरची बोलणी थांबली. तिने माझ्याकडे पाहिले, मग हातातली पिशवी खाटेवर उलटी केली. चार-पाच भाकऱ्या, फडक्यात बांधलेले मिश्श नावाचे मुरवलेले चीज, दोन कांदे, धुतलेला झगा. झगाही तिने झटकून दाखवला.

"बघा. शोधा. आम्ही गावंढळ, आम्ही शेणसुद्धा लावू, नाही का? पहिल्या दिवशी सासू कॉफीची पूड घेऊन आली होती. मी तिच्या हातातून डबा हिसकावला. का, तर दोक्तोराने सांगितलंय, काही लावायचं नाही. पाच आठवडे झाले, सासू माझ्याशी बोलत नाही!"

"उगीच ओरडू नकोस," खलफ म्हणाला.

"का नको? तुझ्या अंगात जे काही गेलं ते इथे, या दवाखान्यातच गेलं. तुमच्या मिसच्या सुईने. ती सुई तेवढी चांगली आहे बाई, बाकी सगळं राहू द्या."

"कुठली सुई?"

"जखम धुवायच्या आधीची. घरी येऊन दुपारभर शांत झोपायचा. म्हणायचा, फौकियाच्या हाताला बरकत आहे."

खलफ भिंतीकडे तोंड करून पडून राहिला होता. मी तिच्या भाकऱ्या उचलून पिशवीत ठेवू लागले. तिने त्या माझ्या हातातून काढून घेतल्या.

फौकिया ड्रेसिंगच्या खोलीत चहा पीत होती. बाहेरच्या बाकावर कुणी नसण्याची दिवसातली ही एकच वेळ. तिने गुडघ्यांवर गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवली होती. मी दार लोटून घेतले. तिने माझा चेहरा पाहिला आणि ग्लास बाजूला ठेवला.

"खलफला कुठली सुई देतेस?"

"सर्दीची."

आमच्या गावात ही सुई ठाऊक नसलेला माणूस नाही. समोरच्या औषधांच्या दुकानात नुसते "सर्दीची" म्हटले की तीन कुप्या एकाच सिरिंजमध्ये ओढून मिळतात: एक ठणका मारणारी, एक जंतू मारणारी, एक कॉर्टिझोनची. घसा बसला, अंग मोडून आले, कंबर धरली, परीक्षा आहे, लग्नाला जायचे आहे, सगळ्यावर तीच. दुसऱ्या दिवशी माणूस ताठ उभा राहतो.

"किती वेळा?"

"दर ड्रेसिंगला. भरती असेल तेव्हा रोज."

"फौकिया, त्यात कॉर्टिझोन असतं."

"मला माहीत आहे काय असतं."

"कॉर्टिझोनने जखम भरत नाही."

"अहो, एका सुईने कुणाचं काय बिघडलंय? मी दर गुरुवारी घेते, या गुडघ्यांसाठी. आख्खं मल्लवी घेतं. तुम्हीसुद्धा घेतलीत, दोक्तोरा. भाच्याच्या लग्नाआधी तुमचा आवाज बसला होता. इथेच, या स्टुलावर बसून. मीच दिली."

ते खरे होते. दुसऱ्या दिवशी मी लग्नात गायलेही होते.

"एक सुई वेगळी, आणि पाच आठवडे दर ड्रेसिंगला सुई वेगळी." तिने ओठ मिटून मनाशी दिवस मोजले असावेत, कारण तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"त्याला दुखायचं थांबलं," ती म्हणाली. "सूज उतरली. तुम्हीच येऊन म्हणालात, सवय झाली वाटतं. मला वाटलं, चांगलंच चाललंय. जखम इतकी स्वच्छ दिसायची, दोक्तोरा! मला अभिमान वाटायचा तिचा."

"मलाही."

"मी त्याचं भलं बघितलं असं नाही म्हणत. खोटं कशाला बोलू? मलाच ऐकवेना. पूर्वी ऐकवायचं, घरी जायचे, हात धुवायचे, मुलांना जेवायला वाढायचे. आता घरी शेजारचा नळ जरी करकरला तरी मी उठून उभी राहते. तो पहिल्या दिवशी ओरडला ना, तेव्हा मी मनात म्हटलं, हा आता महिनाभर येणार. आणि समोर जाऊन सुई आणली."

"आणखी कुणाला दिलीस?"

"दोघांना. एकेकदाच. नावं सांगते."

मी तिच्यासमोरच खलफच्या कागदांवर लिहिले: कोणते औषध, किती दिवस, कुठे दिले गेले. आणि खाली, वेदना कशा थांबल्या याची चौकशी मी केली नाही, हेही लिहिले. ते वाचून दाखवले.

"तुमचं कशाला लिहिलंत?"

"कारण तेही झालंय."

"बरं, लिहा. वरून चौकशी येईल. घरी बसवलं तर गुडघे तरी सुटतील." ती हसली नाही. पाण्याची पिशवी बाजूला ठेवून ती उठली. "त्याला मी सांगू की तुम्ही सांगता?"

आम्ही दोघी गेलो. मी जमेल तितके सोपे करून सांगितले: जखमेकडे धावून जाणारी शरीराची माणसे असतात, ती आली की लाल होते, सुजते, दुखते, ती आली तरच घाण निघते आणि नवी कातडी उगवते, आणि आम्ही सुईने त्यांची वाट अडवून धरली होती. खलफ शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"म्हणजे रस कढईत आहे," तो सावकाश म्हणाला, "आणि तुम्ही खालचा जाळ काढून घेतलात."

"तसंच काहीसं."

"नवशिके असंच करतात. मळी फसफसून वर आली की घाबरतात, जाळ ओढतात. मग कढई अशी शांत होते की बघत राहावं. पण त्याची काकवी कधी होत नाही. आंबून जातो सगळा रस." त्याने फौकियाकडे पाहिले. "तुला कुणी शिकवलं नाही का गं?"

"शिकवलं होतं," फौकिया म्हणाली.

"मग आता?"

"आता सुई बंद," मी म्हणाले. "एकदम नाही; इतके दिवस झाल्यावर एकदम बंद केली तर अंग कोसळेल. गोळ्या देऊन हळूहळू उतरवू. दोन आठवडे लागतील. मग पुन्हा कातडी लावू."

"आणि दुखणार?"

"दुखणार."

"पहिल्या दिवसासारखं?"

"हो. मांडीसुद्धा."

तो खाटेवरून पाय खाली सोडून बसला आणि चपला शोधू लागला. "मग मी घरी जातो. दोन बोटांचं काय एवढं? कापा. आत्ता कापा, सुई देऊन कापा, आणि मला जाऊ द्या. मी तो पहिला दिवस पुन्हा करणार नाही. अल्लाची शपथ, नाही करणार."

त्याची थट्टा करावी असे त्याच्या आवाजात काही नव्हते. बावीस हंगाम भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस होता तो. त्याला भीतीची लाज वाटेनाशी झाली होती, इतका तो थकला होता. मलाही क्षणभर वाटले की त्याचे ऐकावे. सही घ्यावी, दोन बोटे काढावीत, खाट मोकळी करावी.

उम्म शाबान तिथेच होती. तिने वाकून त्याच्या चपला उचलल्या आणि स्वतःच्या पिशवीत टाकल्या.

"पाच पोरं जन्माला घातली मी. चार घरी, एक शेताच्या बांधावर. मला कुणी सुई दिली होती?"

"ते वेगळं असतं."

"वेगळं कसं? तू बाहेर बसून चिलीम ओढत होतास, म्हणून वेगळं. जा ना अनवाणी. थंडी आहे बाहेर, जा."

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खो खो हसला, मग त्याला छातीवरची पट्टी ओढल्यासारखी झाली आणि तो कण्हू लागला. खलफने पाय पुन्हा वर घेतले. तो हो म्हणाला नाही, पण पांघरुणही त्यानेच ओढून घेतले.

मी उम्म शाबानची क्षमा मागितली, सगळ्यांसमोर. कारण आरोपही सगळ्यांसमोर केला होता. तिने ते ऐकून घेतले. मग पिशवीतली एक भाकरी मोडून त्यावर मिश्शचे बोट फिरवले आणि माझ्यापुढे धरली. मिश्श इतके तिखट होते की माझ्या डोळ्यांत पाणी आले. मी ते पुसेपर्यंत ती समोर उभी राहिली, आणि मग फौकियाकडे वळून दुसरा तुकडा मोडला.

पुढचे दिवस वाईट गेले. आठव्या दिवशी त्याला बारीक ताप आला. जखमेच्या कडा सुजल्या, मग लाल झाल्या. पिवळा पू धरला. मांडीवरची जागा जागी झाली आणि तिने त्याला पाठीवर खिळवून ठेवले. ही लाली पेशींची की जंतूंची, हे रोज नव्याने ठरवावे लागे. दोन्हींचा रंग एकच असतो. मी पू तपासायला पाठवी, ताप मोजी, लालीच्या कडेने शाईची रेघ ओढी आणि दुसऱ्या दिवशी ती ओलांडली गेली का ते पाहत असे. एकदा ती दोन बोटांच्या रुंदीने ओलांडली गेली. प्रतिजैविक बदलावे लागले. कुलपातल्या कुपीसाठी मी दुसऱ्या डॉक्टरांच्या मागे सहीकरता फिरले. कधी सही मिळे, कधी नाही. मिळाली तरी ती कुपी अर्ध्या ड्रेसिंगला पुरे. उरलेले अर्धे तसेच.

"द्या ना ती," खलफ म्हणे. "एकदाच. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल," फौकिया म्हणे.

"तुझं घर बुडो!"

"बुडेल. हात सरळ धर."

त्या दिवसांत मी ड्रेसिंगच्या खोलीत तिच्यासोबत उभी राहू लागले. माझ्याने काही मदत होत नसे. मी नुसता त्याचा खांदा धरून उभी असे. आधी जे काम वीस मिनिटांत होई, त्याला तास लागू लागला. बाकावरची माणसे कुरकुरत. एकदा मी फौकियाला म्हणाले, आज मी करते, तू बस. ती म्हणाली, "तुमचा हात जड आहे. त्याला जास्त दुखेल." ते खरे होते, म्हणून मी पुन्हा विचारले नाही. चौकशीचा कागद त्याच आठवड्यात आला. आम्ही दोघींनी उत्तरे लिहिली. निकाल अजून लागला नव्हता.

सतराव्या दिवशी जखमेच्या तळाशी लाल, दाणेदार मांस दिसू लागले. बोट लावले की रक्त येई. मी पुन्हा कडेचा तुकडा घेऊन खाली गेले. काप दाटीने भरला होता. मेलेल्यांवर जिवंत, जिवंतांमागे नव्या नळ्यांच्या कोवळ्या वळ्या. मी मोजायला सुरुवात केली आणि थोड्या वेळाने मोजणे सोडून दिले. वर तो ओरडत होता, ते जिन्यातूनही ऐकू येत होते.

मंगळवारी उजव्या मांडीवरची कातडी काढून हातावर लावली. पाच दिवस कुणी पट्टीला हात लावला नाही. रविवारी सकाळी फौकियाने खारट पाणी कोमट केले आणि पट्टीचे थर एकेक करून भिजवायला घेतले. खलफ नेहमीसारखा भिंतीकडे पाहत होता. उम्म शाबानला मी आत घेतले होते. ती दाराला टेकून उभी होती.

शेवटचा थर सोडवताना फौकियाने श्वास रोखला. खलफ ओरडला. लावलेली कातडी जागची हलली नाही. मनगटापासून वर ती गुलाबी होऊन चिकटली होती. मी चिमट्याच्या बोथट टोकाने दाबले. पांढरी झाली, टोक उचलताच रंग परत आला. हाताच्या पाठीवरही तेच. अनामिकेच्या मुळाशी मात्र नखाएवढा काळसर डाग होता, आणि करंगळीच्या मुळाशी त्याहून मोठा. तिथे खालच्या दोऱ्या आधीच वाळल्या होत्या.

"सांगा," खलफ म्हणाला.

"धरलंय. हात राहील."

"सगळा?"

"करंगळी वाकणार नाही. अनामिका थोडी वाकेल, कदाचित. बाकीची तीन तुम्हाला हलवावी लागतील. रोज. दुखलं तरी."

त्याने मान वळवली आणि दोन महिने जो पाहिला नव्हता तो स्वतःचा हात पाहिला. बराच वेळ. मग त्याने अंगठा हलवला. तर्जनी हलली. मधले बोट थरथरले, अर्ध्यावर येऊन थांबले, आणि त्याच्या तोंडून एक शिवी निघाली. कुणाला उद्देशून, ते कळले नाही.

"पुन्हा," फौकिया म्हणाली.

"थांब जरा."

"बाहेर नऊ जण आहेत. पुन्हा."

त्याने पुन्हा बोट वाकवले. उम्म शाबान दारातून बाजूला झाली, कारण बाकावरची पुढची बाई आपल्या मुलीला कडेवर घेऊन आत डोकावत होती.